फिरत्या हेवी मशीन मेकॅनिकने आपले पैसे वेळेवर कसे मिळवावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकलेन, लोडर, डोझर, ग्रेडर, क्रेन यांची साईटवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्या आणि कुणाच्याही पगारावर नसलेल्या मेकॅनिकसाठी हे लिहिलं आहे. पाना कसा धरायचा ते तुम्हाला सांगायची गरज नाही. इथे फक्त पैशांबद्दल बोलू. हात उत्तम, निदान अचूक, आणि तरीही उधारीला कंटाळून पुन्हा नोकरीला लागलेले मेकॅनिक मी पाहिले आहेत. ते बघून वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं टळू शकलं असतं.

काम चोख असतं, गिऱ्हाईकही खूश असतं, तरी पैसे का अडकतात?

कारण मशीन तुमच्या ताब्यात नसतं. गॅरेजवाल्याच्या आवारात गाडी उभी असते आणि बिल मिळेपर्यंत किल्ली त्याच्याकडे राहते. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क अनेक देशांच्या कायद्यांत आहे, पण तो साधारणपणे ताब्यावर टिकतो. वस्तू हातातून गेली की हक्कही गेला. आपण तर त्यांच्या गेटच्या आत, त्यांच्या जमिनीवर काम करतो. ताबा कधी आपल्याकडे येतच नाही.

मशीन बंद असतं तेव्हा डंपर रांगेत उभे असतात आणि मालक दर अर्ध्या तासाने फोन करतो. मशीन सुरू झालं की त्याची ती घाई संपते आणि आपली सुरू होते. म्हणून पैशांचं सगळं बोलणं मशीन बंद असतानाच उरकलं पाहिजे. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून आलेली आहेत.

पहिल्या फोनवर काय काय विचारायचं?

बिघाडाबद्दल आपण विचारतोच. त्याआधी हे विचारा: मशीन कोणाच्या मालकीचं आहे, आणि बिल कोणाच्या नावाने करायचं? हे दोन वेगवेगळे लोक असू शकतात. मशीन एकाचं, भाड्याने घेतलंय दुसऱ्याने, साईट तिसऱ्याची आणि फोन करणारा ऑपरेटर. ऑपरेटर काकुळतीला येऊन सांगतो, “दादा, लवकर या, मालक पैशाला कमी करणार नाहीत.” तो खरंच बोलत असतो, पण खर्चाला होकार द्यायचा अधिकार त्याला नसतो. भाड्याच्या मशीनवर तर दुरुस्ती मालकाने करायची की भाडेकरूने, यावर त्या दोघांतच वाद असतो आणि आपलं बिल त्या वादात अडकतं.

म्हणून ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याच्याशी स्वतः बोला. मग त्याला मेसेज पाठवा: मशीन कोणतं, तक्रार काय, येण्याजाण्याचे किती, तासाचा दर किती, पैसे कधी. त्यावर “ठीक आहे, या” एवढं उत्तर आलं तरी पुरे. ते उत्तर येईपर्यंत गाडी सुरू करू नका. कितीही घाई असली तरी एक मेसेज लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढंही ज्याला जमत नाही त्याला पैसे द्यायला वेळ मिळेल असं मानायचं कारण नाही.

नवीन गिऱ्हाइकाकडे ॲडव्हान्स मागितला तर काम हातचं जाणार नाही का?

काही वेळा जाईल. माझा अनुभव असा की जे काम ॲडव्हान्सच्या नावाने जातं त्यातलं बरंचसं नंतर बुडीतच गेलं असतं. खरी गरज असलेला मालक येण्याजाण्याचा खर्च आणि पहिल्या काही तासांची मजुरी आधी द्यायला कां-कूं करत नाही. मशीन एक दिवस उभं राहिलं तर त्याचं नुकसान याहून कितीतरी मोठं असतं, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मागताना संकोचू नका, लांबलचक कारणंही देऊ नका. “पहिल्या कामाला येण्याजाण्याचे आणि चार तासांचे आधी घेतो, उरलेलं काम झाल्यावर साईटवरच.” एवढंच, आणि सगळ्यांना सारखंच. एकाला सवलत दिली की ती बातमी ऑपरेटर मंडळींमार्फत दुसऱ्या दिवशी सगळीकडे पोहोचलेली असते.

पार्टचे पैसे मी घालू का?

नाही. या एका बाबतीत मी हट्टी आहे. मजुरी बुडाली तर तुमचे कष्ट वाया जातात. पार्टचे पैसे बुडाले तर घरातून पैसे जातात आणि वर पार्टवाल्याचं देणं अंगावर राहतं. मुख्य हायड्रॉलिक पंप, इंजेक्टरचा संच, फायनल ड्राइव्ह (चाक किंवा ट्रॅक फिरवणारा गिअरचा भाग) यांपैकी एकाची किंमतसुद्धा काही महिन्यांची कमाई खाऊन टाकू शकते.

मोठा पार्ट असेल तर मालकाने थेट दुकानात पैसे भरावेत, किंवा पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात आल्यावर तुम्ही ऑर्डर द्यावी. तुम्ही आणून देत असाल तर त्यावर तुमचा नफा लावा. योग्य पार्ट नंबर शोधणं, आणणं, चुकीचा आला तर परत करणं हे सगळं काम आहे. दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवा. इलेक्ट्रिकल पार्ट बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. आणि काही पार्टवर दुकानदार अनामत घेतो, ती जुना पार्ट परत दिल्यावरच सुटते, तर तो जुना पार्ट कोणाचा आणि ती अनामत कोणाची. जुना पंप भंगारात कोणी विकला यावरून संबंध बिघडलेले मी पाहिले आहेत.

सील, ओ-रिंग, होज, क्लॅम्प, ग्रीस या किरकोळ मालाचं काय? ते गाडीत ठेवा आणि प्रत्येक वेळी बिलात लावा. महिन्याभरात फुकट गेलेल्या क्लीनर स्प्रे आणि चिंध्यांचा हिशोब एकदा करून बघाच.

तासाचा दर कसा काढायचा?

बहुतेक जण शेजारचा मेकॅनिक काय घेतो ते विचारतात. त्याऐवजी कागद घ्या. वर्षभराचा खर्च मांडा: गाडी, इंधन, टायर, हत्यारं, विमा, निदानाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी, फोन, कर, आजारपणाचे दिवस आणि घर चालवायला लागणारी रक्कम. आता वर्षात प्रत्यक्ष बिलात किती तास येतात ते बघा. २५० दिवस दहा-दहा तास बाहेर असलात तरी प्रवास, पार्टच्या दुकानातला वेळ, फोन, कोटेशन हे सगळं वजा केलं तर दिवसाला पाच तासच बिलात जात असतील. म्हणजे वर्षाला १२५० तास. खर्च या १२५० ने भागायचा, २५०० ने नाही. २५०० ने भागलात तर सगळ्यांनी वेळेवर पैसे देऊनही तुम्ही तोट्यातच राहाल, आणि मग उधारीवर राग काढाल.

प्रवासाचा दर वेगळा लावा आणि कमीत कमी किती तासांचं बिल होईल ते ठरवून ठेवा. रात्रीचं, सुट्टीच्या दिवशीचं काम असेल तर दर वेगळा, आणि तोही फोनवरच सांगायचा.

“एक वायर जोडली आणि एवढं बिल?” असं म्हटलं तर?

हा प्रश्न येणारच. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या मशीनवर तर शोधायला सहा तास आणि दुरुस्तीला दहा मिनिटं हे नेहमीचं आहे. बूम (मशीनचा मुख्य हात) वर केला की इंजिन बंद पडतं अशी तक्रार घ्या. बूमच्या मुळाशी हार्नेस (वायरींचा जुडगा) घासून एक वायर उघडी पडलेली असते आणि ती फक्त एका ठरावीक कोनात बॉडीला टेकते. ती सापडेपर्यंत तुम्ही डिझेल लाइन, फिल्टर, सेन्सर, कनेक्टर सगळं तपासून बाद केलेलं असतं. मालकाला त्यातलं काहीच दिसलेलं नसतं. त्याला फक्त इन्शुलेशन टेपचा तुकडा दिसतो.

म्हणून निदान हे स्वतंत्र काम म्हणून विका. निघण्याआधी सांगा: “बिघाड शोधण्याचे तासावर पैसे लागतील. सापडल्यावर दुरुस्तीचा आकडा वेगळा देईन. दुरुस्ती तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतली तरी शोधण्याचे द्यावे लागतील.” दुसरं, शोधताना जे जे मोजलं ते लिहून ठेवा. मशीनच्या डिस्प्लेवर आलेला कोड एसपीएन आणि एफएमआय क्रमांकांसकट लिहा. पहिला क्रमांक कोणत्या भागाची तक्रार आहे ते सांगतो, दुसरा तक्रार कशा प्रकारची आहे ते. दाब आधी किती, नंतर किती. स्टार्टर फिरवताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये आधी १.४ व्होल्ट पडत होते, अर्थिंगचा सांधा साफ केल्यावर ०.२ व्होल्ट. अशी एक ओळ बिलावर असली की पैसे कशाचे घेतले ते मालकाला डोळ्यांनी दिसतं. मी हे लिहायला लागल्यापासून घासाघीस अर्ध्याहून कमी झाली.

आधी अंदाज द्यावा की ठाम रक्कम सांगावी?

बाहेरून सगळं दिसतं अशा कामाची ठाम रक्कम सांगा: होज बदलणे, सिलिंडरचं सील किट, नियमित सर्व्हिस. जे उघडल्याशिवाय कळत नाही त्याची कधीच नको. फायनल ड्राइव्हमधून तेल गळतंय म्हणून बोलावतात. उघडल्यावर कधी फक्त सील गेलेलं असतं, कधी बेअरिंग फुटून गिअरचे दात खाल्लेले असतात. अशा वेळी “उघडून बघण्याचे एवढे, पुढचं उघडल्यावर सांगतो” असं म्हणा.

उघडल्यावर फोटो काढा, मालकाला पाठवा, नवा आकडा सांगा आणि होकार येईपर्यंत पाना खाली ठेवा. हात चालू असताना थांबणं अवघड जातं, मला अजूनही जातं. पण न विचारता केलेल्या जास्तीच्या कामाचे पैसे मागायला गेलं की “मी कुठे सांगितलं होतं?” या वाक्यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

जॉब कार्डात, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदात, काय असावं?

मशीनचं मॉडेल, सिरीयल नंबर (नव्या मशीनवर १७ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो), मीटरवरचे तास, तारीख, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, तक्रार मालकाच्या शब्दांत, काय सापडलं, काय केलं, काय करायला सांगितलं पण त्यांनी नको म्हटलं, लागलेला माल आणि सही. सहीखाली नाव आणि हुद्दा स्पष्ट लिहून घ्या. “कोणाची सही आहे कळत नाही” हे अकाउंट विभागाचं आवडतं वाक्य आहे.

मीटरच्या तासांचा फोटो काढायला विसरू नका. दोन महिन्यांनी वाद झाला की मशीन तुमच्या दुरुस्तीनंतर ४०० तास चाललं होतं हे त्याच फोटोवरून सिद्ध होतं.

साईटवर ताटकळत बसावं लागलं तर त्याचे पैसे मागायचे का?

हो, पूर्ण दराने. गेटपास, सुरक्षिततेचं प्रशिक्षण, मशीन मोकळं होण्याची वाट, सगळं त्यात आलं. फक्त ते आधी सांगितलेलं असावं आणि जॉब कार्डवर वेळ लिहिलेली असावी.

बिल कधी द्यायचं?

त्याच दिवशी, शक्यतो गाडीत बसूनच. तेलाने माखलेल्या हातांनी बिल करायचा कंटाळा येतो हे मान्य. पण रविवारी एकदम सगळी बिलं करू म्हणणारा मेकॅनिक स्वतःच गिऱ्हाइकाला आठवडाभराची उधारी देतो आणि वर दोन-चार तास लिहायला विसरतो. बिलावर “लवकरात लवकर” असं लिहू नका, पैसे देण्याची तारीख लिहा.

मोठी कंपनी ६० दिवसांची मुदत मागते. घ्यावं का काम?

घ्या, पण त्यांची पद्धत समजून घेतल्यावर. मोठ्या कंपनीत पैसे बुडण्याची भीती तुलनेने कमी आणि हरवण्याची जास्त. साईट मॅनेजर म्हणतो “करून टाका”, आणि तिकडे अकाउंटला पर्चेस ऑर्डरच (कामाचा कंपनीचा लेखी आदेश) नसते. ऑर्डर नंबर नसलेलं बिल कोणी नाकारतही नाही. ते नुसतं पडून राहतं, आणि ६० दिवसांनी फोन केला की “आमच्याकडे आलंच नाही” म्हणतात.

काम सुरू करण्याआधी विक्रेता म्हणून नोंदणी झाली का, ऑर्डर नंबर हातात आला का, बिल कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, आणि ६० दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की त्यांच्याकडे मंजूर झाल्यापासून, हे विचारा. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. मंजुरीलाच महिना लागत असेल तर तुमचे ६० दिवस ९० होतात. बिल पाठवल्यावर आठवड्याभरात एक फोन अकाउंटला करा: “बिल मिळालं का, काही कमी आहे का?” तो फोन वसुलीचा नसतो, त्यामुळे समोरचाही नीट बोलतो. तिथल्या क्लार्कचं नाव लक्षात ठेवा आणि त्याच्याशी नेहमी अदबीने वागा. बिलाचा कागद पुढे सरकवणारा माणूस तोच असतो.

आणि ६० दिवस थांबण्याची किंमत दरात धरा. तेवढे दिवस घर आणि गाडी तुमच्याच पैशांवर चालणार आहे.

“वरून पैसे आले की देतो” असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो.

त्याची अडचण खरी असू शकते, पण तुमचा व्यवहार त्याच्याशी आहे, त्याच्या वरच्याशी नाही. हे शांतपणे सांगा आणि पूर्ण रक्कम जमत नसेल तर हप्ते ठरवून तारखा लेखी घ्या. पहिला हप्ता त्याच दिवशी घ्यायचा, छोटा असला तरी. पैसे घेऊन लेखी कबुली मिळाली की “काम नीट नव्हतं” हा मुद्दा नंतर उठवणं त्याला जड जातं.

मशीन पुन्हा बिघडलं म्हणून पैसे अडवले तर?

आधी जाऊन बघा. फोनवर भांडू नका. चूक तुमची असेल तर कबूल करा आणि आपल्या मजुरीने दुरुस्त करा, त्यात कमीपणा नाही. चूक तुमची नसेल तर तुमचा कागद बोलला पाहिजे.

माझा कागद एकदा बोलला नाही. एका पोकलेनचा मुख्य पंप गेला होता, केस ड्रेनच्या (पंपातून झिरपलेलं तेल टाकीत परत नेणाऱ्या लाइनच्या) फिल्टरमध्ये पितळेचा चुरा. असा पंप जातो तेव्हा चुरा टाकीत, कूलरमध्ये, लाइनमध्ये सगळीकडे पोहोचलेला असतो. टाकी धुणं, लाइन फ्लश करणं, सगळे फिल्टर बदलणं हे केल्याशिवाय नवा पंप बसवण्यात अर्थ नसतो. मी हे मालकाला सांगितलं. तो म्हणाला, “दोन दिवस मशीन बंद ठेवता येणार नाही, तुम्ही पंप बसवा.” मी बसवला. काही आठवड्यांत नवा पंपही गेला आणि उरलेले पैसे द्यायला त्याने साफ नकार दिला. मी तोंडी सांगितलं होतं, लिहिलं नव्हतं. ती रक्कम मला कधीच मिळाली नाही.

आता नको म्हटलेलं प्रत्येक काम जॉब कार्डवर लिहितो आणि त्यासमोर वेगळी सही घेतो. “टाकी व लाइन साफ करण्यास नकार, त्यामुळे पंपाची हमी नाही.” हे वाक्य लिहिलेलं बघून दोनदा मालकाने विचार बदलला आणि टाकी धुऊन घेतली. मजुरीची हमी किती दिवसांची किंवा किती तासांची, आणि गिऱ्हाइकाने आणलेल्या पार्टवर हमी नाही, हेही तिथेच छापून ठेवा.

जुनं बिल थकलंय आणि त्याच माणसाचा फोन आला, मशीन बंद आहे म्हणून. जाऊ का?

जुनं बिल खात्यात आल्यावर. नव्या कामाचा ॲडव्हान्सही त्याबरोबरच. ही संधी पुन्हा येत नाही, कारण आता मशीन बंद आहे आणि गरज त्याला आहे. आवाज चढवायची गरज नाही: “येतो की, आधीचं क्लिअर करा, लगेच निघतो.” बहुतेक वेळा तासाभरात पैसे येतात. ते पैसे इतके दिवस होतेच, हेही तेव्हा कळतं.

पैसे देत नाही म्हणून बसवलेला पार्ट काढून आणला किंवा मशीन बंद पाडून ठेवलं तर?

करू नका. मशीनमध्ये बसवलेला पार्ट सहसा मशीनचा भाग समजला जातो. परवानगीशिवाय साईटवर जाऊन तो काढलात तर येणं तुमचं असूनही गुन्हेगार तुम्ही ठराल. वायर काढून ठेवणं, सॉफ्टवेअरने मशीन लॉक करणं हे तर त्याहून वाईट. उतारावर किंवा भार उचललेला असताना मशीन दगा देतं आणि माणूस जातो. कुठल्याही बिलापेक्षा ते जड आहे.

सरळ मार्ग असा की मोठ्या कामाचे टप्पे आधी पाडायचे: उघडताना एक भाग, पार्ट आल्यावर दुसरा, चाचणी घेऊन ताब्यात देण्याआधी शेवटचा. टप्प्याचे पैसे आले नाहीत तर काम तिथेच थांबवा, पण मशीन सुरक्षित ठेवून: बूम आणि बकेट जमिनीवर, हायड्रॉलिक दाब सोडलेला, बॅटरीचा स्विच बंद आणि त्यावर “काम अपूर्ण, सुरू करू नका” असा टॅग. त्याचा फोटो काढा आणि मालकाला पाठवा.

तारीख उलटून गेली. आता?

दुसऱ्याच दिवशी फोन करा. महिनाभर गप्प बसून मग रागाने फोन करण्यात काही हाती लागत नाही. पहिला फोन साधा, आठवड्याने लेखी आठवण, त्यानंतर नवी उधारी बंद असल्याचं पत्र, मग कायदेशीर नोटीस. प्रत्येक वेळी तारीख विचारा आणि ती तारीख मेसेजने त्यालाच परत पाठवा.

कायदा अनेक ठिकाणी लहान व्यावसायिकाच्या बाजूने आहे आणि हे फार कमी मेकॅनिकना माहीत असतं. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने उशिरा दिलेल्या व्यापारी देण्यावर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशातही अशाच व्याजाची तरतूद आहे. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं. नाही केलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तुम्ही जिथे काम करता तिथली तरतूद, नोंदणीची अट आणि दावा करायची मुदत एकदा वकिलाकडून समजून घ्या. बिलाखाली त्या कायद्याची एक ओळ छापली तरी अकाउंट विभागात तुमचं बिल वरच्या गठ्ठ्यात जातं.

मित्राचं किंवा नातेवाइकाचं मशीन असेल तर?

सवलत द्यायची तर बिलात दाखवून द्या: पूर्ण रक्कम, त्यातून वजा एवढे. बिलच न करणं ही सवलत नाही, त्याने दोघांच्याही मनात वेगवेगळे आकडे राहतात.

एका गिऱ्हाइकाकडे जास्तीत जास्त किती येणं राहू द्यावं?

जेवढं बुडालं तरी पुढच्या महिन्यात गाडीचा हप्ता आणि घरखर्च निघेल तेवढंच. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा. तो काढा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी त्यापुढे जाऊ नका. आणि एकाच कंपनीकडून निम्म्याहून जास्त कमाई येत असेल तर शांत महिन्यातच दुसरं काम शोधायला लागा.

दर महिन्याला ठरावीक पैसे येतील असं काही करता येतं का?

येतं, नियमित सर्व्हिसचा करार. मशीनच्या पुस्तकात तेल आणि फिल्टरचे टप्पे तासांवर दिलेले असतात: २५०, ५००, १०००, २००० वगैरे, मॉडेलप्रमाणे बदलतात. ज्याच्याकडे चार-पाच मशीन आहेत त्याला सांगा की मीटर मी बघतो, तारीख मी लावतो, तेलाचे नमुने मी लॅबला पाठवतो, तुम्ही दर महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम द्यायची. बिघाडाचं काम त्याच्या बाहेर, पण करारातल्या मशीनला आधी नंबर. मालकाला अचानक मशीन बंद पडण्याची धास्ती कमी होते, आणि तुम्ही बंद पडण्याआधीच तिथे असल्यामुळे पैशांचं बोलणं घाईत होत नाही. एका मालकापासून सुरुवात करा, सहा महिन्यांचा लेखी करार करा, आणि पहिल्या महिन्याची रक्कम खात्यात आल्यावरच पहिल्या सर्व्हिसची तारीख द्या.